मीटर माझा, गाडी माझी, मधली भिंत सोसायटीची

बोईसरला नवापूर रस्त्यावरून एखाद्या गल्लीत आत वळा आणि रात्री दहाच्या सुमाराला इमारतींकडे मान वर करून बघा. दुसऱ्या मजल्याच्या ग्रीलमधून एक पिवळी वायर खाली सोडलेली दिसेल. पहिल्या मजल्यावरच्यांच्या कपड्यांच्या दोरीला चाटून, पावसाच्या पाइपला सुतळीने दोन ठिकाणी बांधून ती जमिनीपर्यंत येते. खाली विटेवर ठेवलेला एक्स्टेन्शन बोर्ड, त्यावर दुधाची रिकामी पिशवी उलटी घालून रबर लावलेला, आणि त्याला जोडलेली इलेक्ट्रिक स्कूटर. मालकाला सकाळच्या पाळीला तारापूर एमआयडीसीत वेळेवर पोहोचायचे असते. त्यामुळे पाऊस असो नसो, वायर रोज रात्री खाली येते.

अशी वायर सोडणारी माणसे मला बेफिकीर वाटत नाहीत. त्यांच्यातल्या अनेकांनी आधी रीतसर अर्ज दिलेला असतो. सेक्रेटरी म्हणतात, ‘कमिटीत ठेवतो.’ कमिटी म्हणते, ‘जनरल बॉडीत बघू.’ जनरल बॉडीत विषय निघाला की पाण्याच्या टाकीची गळती आणि मेंटेनन्सची थकबाकी यांतच दोन तास जातात, आणि शेवटी कुणीतरी म्हणते, ‘एकाला दिले तर सगळ्यांना द्यावे लागेल.’ तिथेच विषय संपतो. माझ्या मते सगळा प्रश्न या एका वाक्यात आहे, कारण सगळ्यांना द्यावे लागेल ही भीतीची गोष्ट नसून योजना आखण्याची गोष्ट आहे.

कायदा काय सांगतो हे पाहायला गेले, तर तो एका जागी सापडत नाही. विजेचे नियम दिल्लीत होतात, वाहनांचे धोरण मुंबईत ठरते आणि सोसायटीचा कारभार सहकार खात्याच्या अखत्यारीत चालतो. तीनही ठिकाणी या विषयावर काही ना काही लिहिलेले आहे. पण मीटर रूमपासून पार्किंगपर्यंतच्या वीस-तीस फुटांच्या भिंतीबद्दल यांपैकी कोणीच स्पष्ट बोलत नाही.

विजेची बाजू सगळ्यात मोकळी आहे. गाडी चार्ज करून देणे म्हणजे वीज विकणे नव्हे, ती एक सेवा आहे, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये केला. सोसायटीने स्वतःचा चार्जर लावून सभासदांकडून पैसे घेतले तर विजेच्या परवान्याची भानगड मागे लागेल, ही शंका तेव्हाच मिटायला हवी होती. जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी घरच्या चालू जोडणीवर स्वतःची गाडी चार्ज करायला मोकळीक दिली. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये वीजग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती होऊन, ग्राहकाला हवी असल्यास वाहन चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागण्याची सोय झाली. त्याच दुरुस्तीत नवी जोडणी देण्याची मुदतही कमी केली गेली: महानगरांत ३ दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रांत ७ दिवस, ग्रामीण भागात १५ दिवस.

आपल्याकडे या शेवटच्या आकड्यांना वेगळाच अर्थ येतो. पालघरला नगरपरिषद आहे, म्हणजे ७ दिवस. पुढे उमरोळी सोडून बोईसरला उतरलात की १५ दिवस, कारण एवढी वस्ती, एवढे कारखाने असूनही बोईसर कागदोपत्री गावच आहे. बोईसर, सरावली, खैरापाडा, पास्थळ, कोलवडे अशा ग्रामपंचायतींच्या हद्दी एकमेकींना भिडल्या आहेत. समोरासमोरच्या दोन इमारतींची घरपट्टी दोन वेगळ्या पंचायतींत भरली जाते. आठवड्याच्या फरकाने कुणाचे फार अडत नाही, हे खरे. पण शहरासाठी लिहिलेला नियम बोईसरला लागू पडत नाही आणि गावासाठी लिहिलेला बोईसरला पुरत नाही, हा अनुभव या भागाला प्रत्येक गोष्टीत येतो, आणि चार्जिंगच्या बाबतीत तर तो पुन्हा पुन्हा येतो.

राज्याने जुलै २०२१ मध्ये इलेक्ट्रिक वाहन धोरण आणले. त्यात चार्जिंग केंद्रांसाठी शहरे निवडली होती: मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, औरंगाबाद, अमरावती, सोलापूर. महामार्गही निवडले होते, त्यांत मुंबई-पुणे होता, मुंबई-नाशिक होता, मुंबई-नागपूर होता, नाशिक-पुणे होता. मुंबई-अहमदाबाद नव्हता. मनोरला किंवा चिल्हार फाट्याला उभे राहून तासभर वाहने मोजली तर या गाळणुकीचे कारण समजत नाही. स्वतःच्या आवारात चार्जर बसवणाऱ्या रहिवाशांना मालमत्ता करात सूट देण्याची गोष्ट त्या धोरणात होती, पण ती नागरी स्थानिक संस्थांना उद्देशून. ग्रामपंचायतीत घरपट्टी भरणारा बोईसरकर त्यात येतच नाही. नव्या निवासी इमारतींत पार्किंगच्या २० टक्के जागा चार्जिंगसाठी सज्ज ठेवाव्यात, ही अटही त्यातलीच.

२०२५ मध्ये नवे धोरण आले, २०३० पर्यंतचे. ते नव्या इमारतींबाबत आणखी पुढे गेले आणि नव्या निवासी इमारतींतले सगळेच पार्किंग चार्जिंगसज्ज असावे, असे धरून चालले. त्यातली टोलमाफी अटल सेतू, पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर आहे. खानिवडे आणि चारोटीचे नाके राष्ट्रीय महामार्गावरचे, ते त्यात येत नाहीत. पण टोलपेक्षा मला जास्त खटकते ते हे की दोन्ही धोरणांचा भर नव्या इमारतींवर आहे. आपल्याकडची बहुतेक माणसे राहतात त्या तळ अधिक तीन-चार मजल्यांच्या, दहा-वीस-तीस वर्षांच्या इमारतींत. पिवळी वायर तिथेच लोंबते, आणि तिथल्या माणसाच्या हातात धोरणाने उत्तेजनापलीकडे फारसे काही ठेवलेले नाही.

आता सोसायटी. इथे थोडे सावकाश जावे लागेल, कारण भांडण इथेच आहे.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा. गृहनिर्माण संस्थांसाठी त्यात वेगळे प्रकरण २०१९ मध्ये घातले गेले. रोजचा कारभार चालतो उपविधींवर. सदनिका सभासदाची, पण जिना, गच्ची, बाहेरच्या भिंती, मीटर रूम आणि आवार सामाईक. पार्किंगबद्दल लोकांचा मोठा गैरसमज असतो. ‘मी बिल्डरला पैसे देऊन पार्किंग विकत घेतले आहे’, असे आजही छातीठोकपणे सांगितले जाते. दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी सांगितले की इमारतीखालचे स्टिल्ट पार्किंग बिल्डरला सदनिकेपासून वेगळे काढून विकता येत नाही. रेरा कायद्यानेही उघडे पार्किंग सामाईक जागेतच धरले. म्हणजे जिथे गाडी उभी राहते ती जागा बहुतेक ठिकाणी सभासदाला वापरायला दिलेली असते, त्याच्या मालकीची नसते. जागा कमी आणि मागणारे जास्त असतील, तर आदर्श उपविधींप्रमाणे दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटप करायचे असते.

चिठ्ठ्यांचा हा नियम न्यायाचा आहे, पण चार्जरशी त्याचे जमत नाही. समजा मी यंदा तीन नंबरच्या जागेत केबल टाकली, बोर्ड बसवला, अर्थिंग करून घेतले. पुढच्या वर्षी ती जागा दुसऱ्या कुणाला लागली. माझ्या मीटरची वायर त्याच्या गाडीच्या डोक्यावर आणि माझी गाडी पार कुंपणाशी. कमिटीतली शहाणी माणसे ही अडचण पुढे करतात तेव्हा ती खोडसाळपणे करतात असे मला वाटत नाही. अडचण खरी आहे. तिच्यावर उत्तर आहे, पण ते एकट्या सभासदाने देण्यासारखे नाही. चार्जिंगच्या जागा वाटपातून वेगळ्या काढायच्या, ज्यांच्याकडे इलेक्ट्रिक गाडी आहे त्यांना त्या द्यायच्या, आणि गाड्या वाढतील तशा जागा वाढवायच्या. हे सभेच्या ठरावानेच होऊ शकते.

सभेने ठरावच केला नाही तर? २०२५ मध्ये दक्षिण मुंबईतल्या एका सोसायटीच्या सभासदाने हाच प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात नेला. त्याला स्वतःच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या खर्चाने चार्जर हवा होता. सहकारी संस्थांच्या निबंधकांच्या मार्गदर्शक सूचना नाहीत, असे कारण सांगून सोसायटीने परवानगी अडवली होती. न्यायालयाने त्या सूचनांचा प्रश्न सरकारी यंत्रणेकडे परत पाठवला. मला या प्रकरणात महत्त्वाचे वाटते ते अडवणुकीचे कारण. सोसायटीने चार्जर धोकादायक आहे असे म्हटले नव्हते, लोड नाही असेही नव्हते. तिला वरून लेखी सूचना हवी होती. दक्षिण मुंबईतल्या सभासदाला वकील लावून उच्च न्यायालयात जाणे परवडते. पाळीवर काम करणाऱ्या बोईसरच्या ऑपरेटरला उच्च न्यायालय सोडाच, पालघरला निबंधक कार्यालयात जायचे तर एक दिवसाची रजा पडते.

बाहेरच्या देशांत हे भांडण आधी झाले आणि त्यांनी त्यावर मार्गही काढला. फ्रान्सने २०१० मध्येच रहिवाशाला चार्जिंगच्या जोडणीचा हक्क कायद्यात दिला. कॅलिफोर्नियात २०१२ पासून घरमालकांच्या संघटनेला चार्जर सरसकट नाकारता येत नाही, मात्र खर्च, विमा आणि नुकसानीची जबाबदारी गाडीवाल्याची. जर्मनीत १ डिसेंबर २०२० पासून इमारतीतल्या प्रत्येक सदनिकाधारकाला चार्जिंगची सोय मागता येते, आणि भाडेकरूलाही घरमालकाकडे ती मागता येते. या सगळ्यांचे सार एकच आहे. कुठून केबल न्यायची, कोणता इलेक्ट्रिशियन, कोणत्या दर्जाचे सामान, हे सोसायटीने ठरवावे. सोय द्यायची की नाही, हे मात्र तिच्या मर्जीवर ठेवू नये. आपल्याकडे नेमकी हीच रेघ कुणी आखलेली नाही.

भाडेकरूचा मुद्दा मी मुद्दाम अधोरेखित करतो. तारापूरच्या कारखान्यांमुळे बोईसरमध्ये राज्यातून आणि परराज्यांतून आलेली माणसे भाड्याने राहतात. इलेक्ट्रिक स्कूटर घेणाऱ्यांत ती आहेत, कारण रोजचे आठ-दहा किलोमीटर पेट्रोलवर घालवणे त्यांनाच सगळ्यात जड जाते. त्यांना सभेत मत नाही, अर्ज करायलाही मालकाची सही लागते, आणि मालक विरारला किंवा सुरतेला राहत असतो. फक्त सभासदाला हक्क देणारा नियम इथे निम्म्या गरजवंतांना वगळून बसेल.

आगीची भीती. ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही, आणि पालघर जिल्ह्यात तर अजिबातच नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला आणि त्याच खोलीत झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजून दगावला. केंद्राने कडक केलेले बॅटरीच्या सुरक्षेचे निकष डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. पण अनेक सोसायट्यांनी या घटनेतून उलटा धडा घेतला. ‘आवारात चार्जिंग नको’ असा फलक लावला की कमिटीला निर्धास्त वाटते. गाडी काही त्या फलकाने विकली जात नाही. तिची बॅटरी काढून पिशवीत घालून माणूस जिन्याने वर नेतो आणि पलंगाशेजारच्या पॉइंटला लावतो. ज्यांची बॅटरी निघत नाही त्यांची वायर खाली येते. बंगळुरूत २०२१ मध्ये एकाने सोसायटीने नकार दिल्यावर अख्खी स्कूटर लिफ्टने पाचव्या मजल्यावर नेऊन स्वयंपाकघरात चार्ज केली होती. ज्या धोक्याला घाबरून बंदी घातली, तो धोका बंदीनेच घरात आणला. उघड्यावर, भिंतीपासून सुटी, नजरेसमोर असलेली चार्जिंगची जागा बंद खोलीपेक्षा कधीही बरी.

सुरक्षितपणे कसे करायचे तेही लिहून ठेवलेले आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांत २०१९ मध्ये वाहन चार्जिंगसाठी तरतुदी आल्या. सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच हवे. एक्स्टेन्शन वायर चालणार नाही. गाडी चार्जिंग पॉइंटपासून ५ मीटरच्या आत उभी असावी. विजेची गळती झाली तर क्षणात प्रवाह तोडणारे उपकरण हवे. बोईसरच्या पावसाळ्यात ज्याने आवारात घोटाभर पाणी साचलेले पाहिले आहे, त्याला ८०० मिलिमीटरचे मोल वेगळे सांगायला नको. त्यात आपल्याकडे समुद्राची खारी हवा आणि कारखान्यांकडून येणारा वास. उघड्या तांब्याला हिरवा थर चढतो, पत्र्याच्या पेट्या गंजतात. म्हणून इथे पेटी बंद आणि न गंजणारी हवी, अर्थिंग वर्षातून एकदा, पावसाआधी, तपासायला हवे. इतके केले तर विटेवरच्या त्या बोर्डाला कायमची सुट्टी मिळेल.

लोडचे गणित सभेत कुणी मांडतच नाही, म्हणून ते इथे मांडतो. स्कूटरचा घरगुती चार्जर साधारण पाऊण किलोवॉटचा असतो. २४ सदनिकांच्या इमारतीत चार स्कूटर एकाच वेळी लावल्या तरी ३ किलोवॉट होतात. दोन किलोवॉटचे दोन गीझर एकदम चालू केले की त्यापेक्षा जास्त भार पडतो, आणि सकाळी साडेसहाला इमारतीत किती गीझर चालू असतात ते आपण जाणतो. स्कूटरची बॅटरी पूर्ण भरायला साधारण ३ ते ४ युनिट लागतात. मोटारीचे तसे नाही. पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर ती सुमारे ३.३ किलोवॉट घेते आणि रात्रभर चालते. भिंतीवरचा मोठा चार्जर ७.४ किलोवॉटचा, तो एक लावला तर एका घराची सिंगल फेज जोडणी जवळजवळ तेवढ्यातच संपते. चोवीसही जणांनी असे चार्जर लावले तर भार १७७ किलोवॉटच्या पुढे जाईल आणि गल्लीतला ट्रान्सफॉर्मर ते सोसणार नाही. तेव्हा ‘सगळ्यांना द्यावे लागेल’ म्हणणाऱ्यांची शंका मोटारींपुरती रास्त आहे. पण उद्याच्या चोवीस मोटारींचे नाव पुढे करून आजच्या चार स्कूटर अडवणे अन्याय आहे. स्कूटरला आज परवानगी द्यावी, मोटारीसाठी महावितरणकडून मंजूर भार तपासून घ्यावा, मोठ्या चार्जरला वेळा ठरवून द्याव्यात.

पैशांचा संशय सगळ्यात लवकर मिटतो. गाडी स्वतःच्या मीटरवर चार्ज होत असेल तर सोसायटीचा एक पैसाही जात नाही आणि दर घरगुतीच लागतो. फक्त युनिट वाढून वरचा टप्पा लागतो का ते बघावे. महिन्याला २८० युनिट वापरणारे घर मोटारीमुळे ३०० ओलांडून गेले तर वरच्या युनिटना महाग दर बसतो. अशा वेळी वाहनासाठीची वेगळी जोडणी परवडते का, हे दोन बिले समोर ठेवून पाहावे. सामाईक मीटरवर चार्जर असेल तर छोटा सबमीटर लावून युनिटप्रमाणे वसुली करावी. रात्रपाळी करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट: स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या विजेवर सवलत सुरू झाली. रात्रपाळीहून येऊन झोपणाऱ्या माणसाची गाडी नेमकी याच वेळेत उभी असते.

उरतो तो बोईसरचा सगळ्यात अवघड गट. इमारत आहे, माणसे पंधरा वर्षे राहतात, पण सोसायटीची नोंदणी झालेली नाही किंवा अभिहस्तांतरण झालेले नाही. अर्ज कुणाला द्यायचा? बिल्डर फोन उचलत नाही आणि जमिनीवर नाव अजून त्याचेच. तिथे चार-पाच जण मेंटेनन्स गोळा करतात, पण ना हरकत द्यायचा अधिकार त्यांना नाही. अशा इमारतींना निबंधकांच्या कोणत्याही सूचना लागू पडणार नाहीत. त्यांच्यापुरते तरी ना हरकतीची अट बाजूला ठेवून, परवानाधारक इलेक्ट्रिशियनचा दाखला आणि सदनिकेचा पुरावा यांवर महावितरणने जोडणी द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाकीच्यांसाठी राज्य सरकारकडे हत्यार तयार आहे. सहकार कायद्याचे कलम ७९ अ सरकारला सार्वजनिक हितासाठी संस्थांना निर्देश देऊ देते. पुनर्विकासाचे निर्देश २००९ आणि २०१९ मध्ये याच कलमाखाली निघाले होते. चार्जिंगसाठी तसेच निर्देश निघावेत. ठरलेल्या दिवसांत लेखी उत्तर, नकार असेल तर तांत्रिक कारणासह, मुदतीत उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असे धरावे, आणि भाडेकरूलाही अर्ज करता यावा. सोबत आदर्श उपविधींत पार्किंगच्या चिठ्ठ्यांचा नियम बदलावा. वाढवण बंदर, बुलेट ट्रेनचे बोईसर स्थानक, कोळगावचे जिल्हा मुख्यालय यांच्यामुळे इथली वस्ती वाढणार आहे. जुन्या इमारतींसाठी नियम आत्ता लिहिला नाही तर तिथे वायरीच वाढतील.

तोवर आपल्या हातात काय आहे? सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि तिची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी निघते. नोटीस निघण्याच्या आधीच तुमचा अर्ज सेक्रेटरींकडे द्या, पोच घ्या, आणि विषय अजेंड्यावर लेखी घालायला सांगा. अर्जासोबत मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत केबल कुठून जाईल याचा हाताने काढलेला का होईना एक नकाशा आणि इलेक्ट्रिशियनचा खर्चाचा अंदाज जोडा. कमिटीत असाल तर तो अर्ज पाण्याच्या टाकीच्या आधी घ्या.